एलईडी कुठले घ्यायचे ते नंतर, आधी दिवे किती तास जळतात ते मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन मजली ऑफिसची इमारत, फॉल्स सीलिंगमध्ये ४०० च्या आसपास जुन्या जोड ट्यूबच्या फिटिंग, पॅसेज आणि जिन्यात अजून ६० एक सिंगल ट्यूब. सप्लायर म्हणतोय सगळं एलईडी करा, वर सेन्सर लावा, ८० टक्के वीज वाचेल. मग नुसत्या ट्यूब बदलल्या तर चालेल का, सेन्सर खरंच लावावेत का, दिवे तारेवरून एकेक ताब्यात ठेवायची डाली नावाची पद्धत घ्यायची की वायरलेस, आणि ब्रँड कुठला. ब्रँडचं मी सांगणार नाही, बाकी सगळं सांगतो, जरा लांबेल पण एकदाच होऊन जाऊ दे.

आधी तो ८० टक्क्यांचा आकडा. जुना तारेचा बल्ब वॉटमागे १०-१५ लुमेन द्यायचा (लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या उजेडाचं माप), त्याच्या जागी एलईडी लावला तर ८० काय ८५ टक्के पण वाचतात. पण तुमच्याकडे बल्ब कुठे आहेत, ट्यूब आहेत, आणि ट्यूब काही एवढी उधळी नव्हती. ३६ वॉटची ट्यूब, तिचा लोखंडी चोक स्वतः ९-१० वॉट खातो, म्हणजे एकीला ४५ आणि जोडीला ९० वॉट धरा. त्या जागी ३६ वॉटचं चांगलं पॅनल बसतं, म्हणजे ६० टक्के वाचले. इलेक्ट्रॉनिक चोक असतील तर जोडी ७२ च्या आसपास असते, मग बचत ५० वर आली. त्यामुळे आधी एक फिटिंग उघडून आत कुठला चोक आहे ते बघा, सप्लायरनं ते बघितलंय का तेही विचारा, बहुतेक नसेल बघितलं. आता ६० वरून ८० वर जायचं तर उरलेल्या ४० मधले निम्मे सेन्सरनं वाचवायला लागतात. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं २०१२ साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून सरासरी काढली होती, त्यात नुसत्या माणसाच्या हालचालीच्या सेन्सरनं २४ टक्के, खिडकीच्या उजेडाप्रमाणे मंद केल्यानं २८, आणि सगळं मिळून लावलं तरी ३८ अशी बचत आली. बघा, २४ आणि २८ ची बेरीज ५२ होत नाही, कारण एकानं बंद केलेला दिवा दुसरा परत काय बंद करणार. ४० मधून ३८ टक्के गेले की उरतात २५, म्हणजे एकूण बचत ७५. सगळं नीट चाललं तर, हं. नीट चाललं तर म्हणजे काय ते खाली येईलच.

वीज म्हणजे वॉट गुणिले तास, आणि जो तो नुसत्या वॉटवर भांडतो. तुमच्या पॅसेजमधली एक सिंगल ट्यूब ४५ वॉट, ती कोणी बंदच करत नाही, वर्षाचे ८७६० तास जळते, झाले ३९४ युनिट. एखाद्या मीटिंग रूममधली जोड फिटिंग ९० वॉट, पण रोज दोन तास आणि वर्षाला २५० दिवस, म्हणजे ४५ युनिट. वॉट निम्मे आणि युनिट जवळजवळ नऊपट. आता सांगा पैसे आधी कुठे घालायचे. आणि गंमत म्हणजे कोटेशनमध्ये मीटिंग रूमला कायम सगळ्यात भारी फिटिंग आणि दोन सेन्सर असतात कारण साहेब तिथे बसतात, आणि पॅसेजला 'जे उरलंय ते'.

तास मोजायला फार काही लागत नाही. कामाच्या एका दिवशी मजल्याचा नकाशा हातात घेऊन चार चकरा मारा, सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी आठ आणि रात्री अकरा. प्रत्येक खोलीवर दोनच खुणा, दिवा चालू का, माणूस आहे का. दिवा चालू आणि माणूस नाही अशा जागांना लाल गोल करा. ते लाल गोल म्हणजे सेन्सरच्या जागा, बाकी ठिकाणी सेन्सर लावून फार काही हाती लागत नाही.

आता एक किस्सा सांगतो कारण माझं पुढचं सगळं म्हणणं त्याच्यावरच उभं आहे. एका इमारतीत आम्ही पॅसेजला सेन्सर लावले, एका सेन्सरवर बारा फिटिंग, चाचणी केली, मस्त चालत होतं, बिल पास झालं. वर्षभरानं दुसऱ्याच कामासाठी रात्री साडेअकराला तिथे गेलो तर तिन्ही मजल्यांचे पॅसेज लख्ख, आणि चिटपाखरू नाही. वाटलं टाइमआउट, म्हणजे माणूस गेल्यावर दिवा विझायची वेळ, वाढवून ठेवलाय कोणीतरी. उभं राहून वाट बघितली, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, दिवे काही जाईनात. शेवटी एक सेन्सर खाली काढला, आतल्या रिलेला, म्हणजे दिवा चालू-बंद करणाऱ्या स्विचला, कान लावला तर टिक असा आवाजच नाही, उघडला तर दोन्ही कॉन्टॅक्ट एकमेकाला चिकटून वितळलेले. वेल्डिंग केल्यासारखे. बाकीच्यांची पण तीच गत. सुरक्षा रक्षकाला विचारलं कधीपासून, तो म्हणाला पहिल्या दोन-तीन महिन्यांनंतर असंच आहे, उजेड असतो ते बरंय की.

कारण साधं आहे. एलईडीला हवी तशी वीज देणारा जो ड्रायव्हर असतो त्याच्या तोंडाशी एक कपॅसिटर असतो, चालू करताना तो रिकामा असतो आणि भरून घ्यायला एकदम करंट ओढतो. ४० वॉटचा ड्रायव्हर २३० व्होल्टवर चालताना पाव अँपियर पण घेत नाही, पण चालू होण्याच्या त्या क्षणाला, सेकंदाचा अगदी बारीकसा तुकडा असतो तो, २०-३० अँपियर सहज जातात, आणि बारा फिटिंग एकदम म्हणजे हिशेब करा. सेन्सरवर १० अँपियर लिहिलंय ते हीटरसारख्या साध्या लोडसाठी, एलईडीसाठीचा आकडा डेटाशीटमध्ये वेगळा आणि खूप कमी असतो, तो मी तेव्हा बघितला नव्हता. चूक माझीच होती. तेव्हापासून झिरो क्रॉसिंगला, म्हणजे व्होल्टेज शून्यावर असतानाच, स्विच करणारा सेन्सर घेतो किंवा मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जाड कॉन्टॅक्टचा मोठा रिले, टाकतो. एमसीबीचं पण तेच, एका एमसीबीवर किती ड्रायव्हर चालतील ते ड्रायव्हर बनवणारा लिहून देतो, नुसते वॉट मोजून सर्किट भरलं तर सकाळी मेन चालू केल्या केल्या ट्रिप होतं आणि इलेक्ट्रिशियन शॉर्ट शोधत बसतो. चालू होतानाचा झटका सोसणारा सी कर्व्हचा एमसीबी लावा.

पण खरा धडा रिलेचा नाहीये. दिवे लागले नाहीत तर पाच मिनिटांत फोन येतो, आणि दिवे विझले नाहीत तर पाच वर्षं कोणी फोन करत नाही. कंट्रोलमधला बिघाड हा असा एकाच बाजूनं कळतो. म्हणून सेन्सर लावताना पहिला प्रश्न 'कुठला सेन्सर' हा नको, 'हा बिघडला तर कळणार कोणाला' हा हवा.

बरं, फिटिंगकडे येऊ. फिटिंग वॉटवर घेऊ नका, लुमेनवर घ्या, आणि लुमेन चिपचे नाही, पूर्ण फिटिंगच्या बाहेर पडणारे. एलएम-७९ नावाचा टेस्ट रिपोर्ट मागा, त्यात पूर्ण फिटिंगचे लुमेन, वॉट, रंग सगळं असतं. वॉटमागे १३० लुमेनच्या खाली आता घेऊच नये असं माझं मत. मग हिशेब. समजा ६ बाय ८ मीटरची खोली, ४८ चौरस मीटर, टेबलावर ५०० लक्स (म्हणजे चौरस मीटरवर पडणारे लुमेन) हवेत, युरोपियन मानक ईएन १२४६४ मध्ये लिखापढीच्या ऑफिसला तेवढेच आहेत. ४८ गुणिले ५०० म्हणजे २४,००० लुमेन टेबलापर्यंत पोचायला हवेत. भिंती-छतात काही जातात म्हणून ०.६ नं भागायचं, आणि दिवा जुना होतो, धूळ बसते म्हणून वर ०.८ नं. आले ५०,००० लुमेन. ४००० लुमेनच्या फिटिंग घेतल्या तर साडेबारा, म्हणजे १२ किंवा १३, आणि एकूण ३८५ वॉटच्या आसपास, चौरस मीटरला ८ वॉट. यापेक्षा फार वर कोणी डिझाइन देत असेल तर का ते विचारा. आणि जिथे जुन्या फिटिंग होत्या तिथे तेवढ्याच नवीन ही पद्धत तर अजिबात नको. कित्येक ठिकाणी जुनी रचना मुळातच दुप्पट उजेडाची असते, लक्स मीटर घेऊन गेलात तर पॅसेजमध्ये ३०० लक्स सापडतात, तिथे १०० पुरतात.

यातला ०.८ आहे ना, त्याच्यात फुकटची बचत लपलीये आणि ती कोणी उचलत नाही. पाच-सात वर्षांनी ५०० लक्स मिळावेत म्हणून आपण पहिल्या दिवशी ६२५ चं बसवतो. म्हणजे मंद करता येणारी फिटिंग असेल तर पहिल्या दिवसापासून ती ८० टक्क्यांवरच चालवायची, कमाल मर्यादाच ८० ला बांधून टाकायची, आणि दर दोन-तीन वर्षांनी लक्स बघून थोडी वर सरकवायची. कोणाला कळत पण नाही, कारण डोळा सरळ पट्टीनं मोजत नाही, उजेड पाव केला तरी डोळ्याला अर्धाच कमी वाटतो. बर्कलीच्या त्याच आकड्यांत या असल्या ठरवून केलेल्या ट्रिमची बचत ३६ टक्के आली होती, हालचालीच्या सेन्सरपेक्षा जास्त. आणि याला सेन्सर लागत नाही, बिघडायला काही नाही. मला तर हे सगळ्यात आवडतं.

आयुष्याचं बघू. बॉक्सवर ५०,००० तास लिहिलेलं असतं. दिवसरात्र जळणाऱ्या पॅसेजला ते ५.७ वर्षं आणि वर्षाला ३००० तासांच्या ऑफिसला साडेसोळा, हे आधी डोक्यात असू द्या. दुसरं म्हणजे ५०,००० तासांनी दिवा जातो असं नाही, एल-७० लिहिलं असेल तर तोपर्यंत उजेड ७० टक्क्यांवर येतो असा अर्थ. आणि ५०,००० तास कोणी बसून मोजत नाही, एलएम-८० नावाची चाचणी कमीत कमी ६००० तास चालते आणि त्यावरून टीएम-२१ च्या पद्धतीनं पुढचा अंदाज बांधतात, तो जास्तीत जास्त सहापट बांधता येतो. म्हणजे ६००० तासांच्या चाचणीवर ३६,००० च्या वरचा दावा करायला जागाच नाही. सप्लायरला एवढंच विचारा की चाचणी किती तास झाली, समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पण हे सगळं झालं चिपचं. प्रत्यक्षात चिप जात नाही हो, जातो ड्रायव्हर. त्याच्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेनं सुकतो, ढोबळ नियम असा की १० अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं. ड्रायव्हरच्या अंगावर एक छोटा ठिपका किंवा गोल असतो आणि शेजारी टीसी लिहिलेलं असतं, त्या ठिपक्यावर किती तापमान चालेल ते तिथेच छापलेलं असतं. एक फिटिंग लावून तीन तास चालू ठेवा, टाइल सरकवून त्या ठिपक्यावर थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, चिकटवा आणि वाचा. छापलेल्या आकड्याच्या १५-२० अंश खाली असेल तर निवांत राहा. फॉल्स सीलिंगच्या वर इन्सुलेशन असेल आणि ड्रायव्हर त्याच्याखाली गाडला जात असेल तर आधी तो बाजूला काढा. आणि फिटिंग अशीच घ्या ज्यात ड्रायव्हर प्लगनं सुटा होतो, नाहीतर ड्रायव्हर गेला की अख्खं पॅनल फेकायचं. पॅनलचं अजून एक, कडेनं उजेड टाकणारी जी अगदी पातळ पॅनल असतात त्यांच्यात आत प्लास्टिकची पाटी असते, ती पॉलिस्टायरीनची असली तर काही वर्षांत पिवळी पडते, ॲक्रिलिकची पडत नाही, विचारून घ्या किंवा सरळ मागून उजेड टाकणारं घ्या.

फ्लिकरची टेस्ट कोणीही करू शकतं. दिव्याखाली पेन पकडून जोरात पंख्यासारखं हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक, पेनाचे सुटे सुटे तुकडे दिसले तर तो दिवा सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतोय, ५० सायकलच्या सप्लायवर तसंच होतं, आणि दिवसभर त्याच्याखाली बसणाऱ्याचं डोकं दुखतं, का दुखतं ते त्याला कळत नाही. आयईईई या इंजिनिअरांच्या संघटनेच्या १७८९ नंबरच्या शिफारशीत १०० हर्ट्झला ८ टक्क्यांच्या आतली चढउतार कमी धोक्याची धरलीये. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पण बघता येतं, पण तिथे पट्टे दिसले म्हणजे दिवा वाईटच असं नाही, खूप वरच्या फ्रिक्वेन्सीचे पट्टे डोळ्याला त्रास देत नाहीत. पेनाची टेस्ट मात्र पूर्ण उजेडात एकदा आणि २० टक्क्यांवर मंद करून एकदा अशी दोनदा करा, कारण काही ड्रायव्हर मंद केल्यावरच थरथरतात.

रंगाचं पटकन. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. त्या निळ्या चिपसाठीच आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ६५०० केल्विनचा दिवा जास्त निळा, लेपात कमी वाया जातं म्हणून कागदावर लुमेन थोडे जास्त दिसतात, आणि म्हणून कोटेशनमध्ये तोच खपवतात. दिवसभर बसायच्या जागेला ४००० घ्या. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा, ८० चालेल पण आर-९, म्हणजे गडद लालचा आकडा, वेगळा विचारा, कारण सीआरआयचा आकडा आठ फिकट रंगांवरून काढतात, त्यात गडद लाल नाहीच, आणि आर-९ शून्याच्या खाली असला की माणसांचे चेहरे आजारी दिसतात. ऑफिसला यूजीआर १९ च्या आत हवा, म्हणजे डोळ्यावर येणारी चमक. हे मी फार ठासून सांगतो कारण चमक जास्त असली की लोक स्वतःच दिवे काढायला लावतात आणि मग तुमचं सगळं डिझाइन गेलं. साधं दुधी पॅनल यात बऱ्याचदा नापास होतं, बारीक प्रिझमचं कव्हर असलेलं बघा.

नुसत्या ट्यूब बदलून चालेल का? चालेल, पण दुधाची तहान ताकावर. तीन प्रकार आहेत. जुन्या चोकवर चालणारी ट्यूब, यात चोक वीज खातच राहतो आणि तो गेला की परत अंधार. दुसरी, चोक काढून थेट मेनवर, ही ठीक आहे पण वायरिंग बदलायला लागतं, आणि बदललं की फिटिंगवर स्टिकर लावाच, कारण उद्या कोणी नकळत जुनी ट्यूब त्यात खोचली तर भलतंच व्हायचं. होल्डरमध्ये कुठल्या टोकाला सप्लाय येतो ते पण ट्यूबप्रमाणे बदलतं. तिसरी, बाहेरच्या ड्रायव्हरवरची, तेवढे कष्ट घ्यायचे तर नवीन फिटिंगच घ्या ना. साध्या एलईडी ट्यूब मंद होत नाहीत, म्हणजे ट्रिम गेली, खिडकीची बचत गेली. स्टोअर रूम, मशिन रूम असल्या ठिकाणी खुशाल ट्यूब टाका.

आता सेन्सर. सगळ्यात कॉमन पीआयआर, तो अंगाची उष्णता हलताना पकडतो. त्याच्या डेटाशीटवर आठ मीटरचं वर्तुळ दाखवतात ते चालणाऱ्या माणसाचं, टेबलाशी बसून टाइप करणाऱ्यासाठी त्याच्या निम्मं धरा. हे न पाळल्यानं काय होतं? कोपऱ्यातल्या टेबलावरचा माणूस दर दहा मिनिटांनी हात वर करून ओवाळत बसतो, आधी सगळे हसतात, दुसऱ्या आठवड्यात तो इलेक्ट्रिशियनला गाठून सेन्सर डायरेक्ट करून घेतो, आणि ते कोणी कोणाला सांगत नाही. परत तेच, दिवे चालू राहिले, कोणाची तक्रार नाही. पीआयआरला काचेपलीकडचं दिसत नाही, पार्टिशनमागचं पण नाही, म्हणून टॉयलेटमध्ये तो एकटा पुरत नाही. तिथे अल्ट्रासॉनिक किंवा दोन्ही मिळून असलेला घ्या. मायक्रोवेव्हवाला उलट फार बघतो, काचेतून आणि पातळ भिंतीतून पलीकडच्या पॅसेजमध्ये चालणारा माणूस पण त्याला दिसतो, आणि रिकामी खोली उजळत राहते. एसीच्या तोंडासमोर पीआयआर लावू नका, एवढं तरी सगळ्यांना माहीत असायला हवं पण नसतं.

टाइमआउट कंपनीतून बहुतेक २० मिनिटांवर येतो. ते ट्यूबच्या काळातलं आहे, ट्यूब सारखी चालू-बंद केली की लवकर जायची. एलईडीला तसलं काही नाही, टॉयलेट आणि स्टोअरला ५ मिनिटं, मीटिंग रूमला १० ठेवा. केबिन आणि मीटिंग रूममध्ये दिवा आपोआप लागू देऊच नका, हातानं लावायचा आणि आपोआप विझायचा, कारण दिवसा खिडकी असलेल्या खोलीत माणूस फाइल घ्यायला आत आला तर त्याला दिवा नकोच असतो. पॅसेज पूर्ण विझवायचा नाही, २० टक्क्यांवर आणायचा, काळोख्या पॅसेजमध्ये पाऊल टाकायला कोणालाच आवडत नाही. हिशेब बघा, १८ वॉटचा दिवा दिवसरात्र पूर्ण जळला तर १५८ युनिट, पण माणूस वेळेच्या पाचव्या हिश्श्यात असेल आणि बाकी वेळ २० टक्क्यांवर, तर साधारण ६० च्या आत. मूळचे होते ३९४. म्हणजे सप्लायरचे ८० टक्के पॅसेजमध्ये खरे ठरतात की, ८५ भरतात, फक्त त्यानं ते टेबलांच्या वरच्या दिव्यांवर पण लावून टाकलेत. इमर्जन्सीचे आणि बाहेर पडायच्या वाटेचे दिवे मात्र सेन्सरच्या सर्किटमध्ये अडकवायचे नाहीत, ते वेगळे.

खिडकीचा उजेड. खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जेवढा उंच, साधारण तेवढंच आतपर्यंत कामाचा उजेड पोचतो, म्हणजे खिडकीलगतची पहिली ओळ, फार तर दुसरी. त्या ओळी खिडकीला समांतर अशा वेगळ्या ग्रुपमध्ये हव्यात. जुन्या वायरिंगमध्ये स्विच बऱ्याचदा आडवे टाकलेले असतात, एका स्विचवर खिडकीचा पण दिवा आणि आतल्या कोपऱ्याचा पण, मग सेन्सर बिचारा काय करणार. उजेडाचा सेन्सर खालच्या टेबलाकडे बघतो, तर ते सेटिंग फर्निचर आल्यावरच करायचं. आम्ही एकदा रिकाम्या पांढऱ्या फरशीवर सेट करून आलो, नंतर खाली गडद रंगाची टेबलं आली, सेन्सरला वाटलं अंधार पडला, भर दुपारी दिवे फुल्ल. दुसऱ्या एका ठिकाणी ढग आले-गेले की दिवे वरखाली व्हायचे, कोणीतरी वैतागून सेन्सरवर काळी टेप लावली होती, झालं, सेन्सरसाठी कायमची रात्र. मंद होण्याचा वेग संथ ठेवा, मिनिटभर घेऊ दे, म्हणजे कोणाच्या लक्षात येत नाही आणि टेप पण लागत नाही.

डाली की वायरलेस. सीलिंग उघडणार असाल, वायरिंग नव्यानं करणार असाल तर डाली-२ (डालीची नवी आवृत्ती), डोळे झाकून. दोन तारा, त्यांना उलटसुलट नाही, एका लाइनवर ६४ ड्रायव्हर, ३०० मीटरपर्यंत जाते, आणि मुख्य म्हणजे ड्रायव्हर स्वतः सांगतो मी ठीक आहे की गेलोय, उद्या भिंत हलली तर ग्रुप बदलायला तार ओढायला लागत नाही. तुमचे ४०० म्हणजे सात लाइन तरी लागतील, काठोकाठ भरू नका, थोडी जागा सोडा. सीलिंग उघडायचं नसेल तर वायरलेस, प्रत्येक फिटिंगमध्येच सेन्सर असलेलं चांगलं, पण बॅटरीवरचे सेन्सर आणि स्विच असतील तर त्या बॅटऱ्या कोण बदलणार ते आत्ताच ठरवा. आणि ॲपचं खातं तुमच्या नावावर असू द्या, मी अशी इमारत बघितलीये जिथे सेटिंगचा पासवर्ड काम सोडून गेलेल्या ठेकेदाराच्या माणसाकडे होता आणि साधा टाइमआउट बदलायला कोणाला येईना. ०-१० व्होल्टच्या सिग्नलनं दिवे मंद करायची जुनी पद्धत अजून चालते, स्वस्त आणि साधं, एकाच मोठ्या हॉलला चांगलं, पण ग्रुप तारेनं ठरतात, नंतर बदलत नाहीत. दोन फिटिंगच्या केबिनला यातलं काहीच नको, स्विचच्या जागी बसणारा सेन्सर लावून मोकळे व्हा.

शेवटचं, कोटेशनमध्ये दोन ओळी घालून घ्या, त्या नसतात कधीच. एक, सेटिंग करायला दोन चकरा, एक फर्निचर आल्यावर आणि एक लोक बसायला लागल्यावर तीन महिन्यांनी, आणि प्रत्येक खोलीची कमाल मर्यादा, टाइमआउट, ग्रुप हे कागदावर लिहून तुमच्या हातात. दोन, दिव्यांच्या सर्किटला प्रत्येक मजल्यावर वेगळा सबमीटर, तासातासाची नोंद ठेवणारा. मग महिन्यातून एकदा फक्त रात्री दोनचा आकडा बघायचा. तुमच्या इमारतीत तो किती यायला हवा ते आत्ताच सांगता येतं. ४०० ड्रायव्हर बंद असले तरी कंट्रोल जागा ठेवायला प्रत्येकी अर्धा वॉट खातात, झाले २००, वर्षाला १७५२ युनिट होतात बरं का ते, म्हणून अर्ध्या वॉटच्या वरचा ड्रायव्हर घेऊ नका. पॅसेजचे ६० दिवे २० टक्क्यांवर म्हणजे २१५ च्या आसपास. वर इमर्जन्सीचं थोडं. तिन्ही मजले मिळून पाचशे-सहाशे वॉट. तिथे तीन किलोवॉट दिसले तर दुसऱ्या दिवशी कोणाला विचारत बसू नका, त्याच रात्री नकाशा घ्या आणि कुठला पॅसेज लख्ख आहे ते जाऊन बघा.